मिना ते अझीझिया, भर दुपारी: हजमधल्या एका उष्माघाताची केस

पेशंट पुरुष, वय ६४, रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्याकडच्या एका गावचे, डायबेटिस बरीच वर्षं आणि बीपी त्याच्याही आधीपासून. नाव सांगत नाही, ग्रुपमध्ये लहानमोठे सगळे त्यांना चाचाच म्हणायचे तर इथेही चाचाच म्हणतो. तारीख १६ जून २०२४, म्हणजे इस्लामी कॅलेंडरची १० जिलहिज्ज, बकरी ईदचा दिवस. जागा मक्केजवळच्या मिनाहून, जिथे हाजींचे तंबू असतात, मक्केतल्या अझीझिया भागाकडे जाणारा पायी रस्ता. मी त्याच ग्रुपमध्ये हाजी म्हणून गेलेलो, पेशाने जनरल प्रॅक्टिशनर, त्यामुळे ग्रुपचा बिनपगारी डॉक्टरपण मीच. चाचांनी आणि त्यांच्या भाच्याने लिहायला परवानगी दिली म्हणून ही केस सविस्तर लिहितोय, कारण परत आल्यापासून दर हजच्या सीझनला लोक येऊन एकच विचारतात की डॉक्टर, तिकडे पाणी किती प्यायचं, आणि या केसमध्ये पाणी कमी पडलेलंच नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो. चाचा सकाळपासून पाणी पीत होते. रस्त्यात फुकट बाटल्या वाटणारे जागोजागी उभे असतात, चाचा प्रत्येकाकडून एक घेत होते, भाचा स्वतः बाटल्या उघडून देत होता. तरी दुपारी पाऊणच्या सुमाराला ते कोसळले आणि हॉस्पिटलात आतलं तापमान एक्केचाळीसच्या वर निघालं. नंतर रक्तात सोडियम थोडं कमीच आलं, म्हणजे नुसतं पाणी पोटात भरपूर गेलेलं. पाणी लागतंच, त्याशिवाय घाम कुठून येणार, पण शरीरात जी उष्णता साठते ती पाण्याने बाहेर निघत नाही, ती बाहेर काढायला घाम अंगावरून उडून जावा लागतो, नाहीतर सावली लागते, आराम लागतो, झोप लागते. चाचांना त्यातलं काहीच धड मिळालेलं नव्हतं.

आदल्या रात्रीपासून बघू

१५ जूनला अरफात, हजच्या मुख्य दिवसाचं मैदान. दुपारपासून मगरिबपर्यंत (सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत) तंबूत आणि तंबूबाहेर दुआ, मग मुजदलिफाकडे निघायची घाई, बस दोन तास जागची हलली नाही आणि पोचलो तेव्हा रात्र बरीच झालेली. मुजदलिफा म्हणजे उघडं मैदान, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तंबू नाही काही नाही, चटई टाकायची आणि आडवं व्हायचं, खडे वेचायचे, नमाज पढायची. रात्रीसुद्धा खालची जमीन गरम लागते, चटईतून पाठीला कळतं. तिथे फार कोणाला झोप लागत नाही. दिवसभर तापलेलं अंग रात्री निवायला हवं ते निवलंच नाही आणि दुसरा दिवस सुरू झाला.

आता इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. आम्ही कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एका मसलकाचे (परंपरेचे). शाफई मसलकात मुजदलिफात अर्धी रात्र उलटल्यावर थोडा वेळ हजर असलात तरी पुरतं, आणि दहाव्या तारखेची मोठ्या जमरातची रमीसुद्धा (मिनातल्या मोठ्या खांबाला खडे मारणं) मध्यरात्रीनंतर करता येते. म्हातारी माणसं, बायका, आजारी यांना रात्रीच पुढे पाठवायची सवलत तर सगळ्याच मसलकांत आहे. ग्रुपच्या मौलानांनी हे अरफातवरच समजावून सांगितलं होतं, आणि त्याप्रमाणे मध्यरात्रीनंतर एक तुकडी निघाली, बायका, वयस्कर मंडळी, गुडघेदुखीवाले, त्यांच्याबरोबर मी. फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) आधी रमी उरकून आम्ही अझीझियातल्या बिल्डिंगमध्ये पोचलोसुद्धा.

चाचा आले नाहीत. मी दोनदा सांगितलं, भाच्याने सांगितलं, त्यांचं उत्तर ठरलेलं: "मी काय बायकांबरोबर निघू? चालतोय ना मी अजून." चाचा खरंच दणकट माणूस, सुपारीची वाडी स्वतः बघणारे. पण डायबेटिसवाला चौसष्ट वर्षांचा माणूस वाडीत दणकट असतो आणि पंचेचाळीस डिग्रीत नसतो, हे समोरासमोर बोललं की लोकांना अपमान वाटतो. पुढच्या वेळी मी "तुम्ही कमजोर आहात" या भाषेत बोलणारच नाही, सरळ म्हणेन की चाचा, या बायकांबरोबर एक जबाबदार पुरुष माणूस हवाय, चला. निघाले असते, शंभर टक्के.

बाकीचा ग्रुप फजर पढून निघाला. बस अडकली. मिनाच्या कॅम्पात पोचायला साडेनऊ वाजले. थोडा चहा, बिस्किटं, आणि टूरवाल्याने सांगितलं की लगेच रमीला चला, एकत्र जाऊ, नंतर गर्दी वाढेल. खरं म्हणजे रमीसाठी अख्खा दिवस आणि पुढची रात्रही होती. असरनंतर, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर, गेले असते तर काही बिघडत नव्हतं. पण ग्रुपमध्ये एक जण "चला" म्हणाला की बाकीचे चप्पल घालतात. अकराच्या सुमाराला रमी झाली. मग कोणीतरी काढलं की परत कॅम्पात कशाला, अझीझियाला रूम आहे, एसी आहे, आंघोळ करू, तीनेक किलोमीटर तर आहे. आणि निघाले. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजच्या वेळेला, उघड्या डोक्याने.

उघडं डोकं

एहरामात, म्हणजे हजच्या दोन बिनशिवल्या चादरींत असताना, पुरुषाने डोक्याला लागेल असं काही घालायचं नाही, टोपी नाही, रुमाल नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. छत्री चालते, हे मात्र निम्म्या लोकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांनाही छत्री धरलेला हाजी जरा कमी पुण्य कमावतोय असं वाटत असतं. छत्री डोक्याला टेकत नाही, ती सावली आहे, तंबूत बसता तसंच. खुद्द पैगंबरसाहेबांना रमीच्या वेळी एका सहाबींनी (त्यांच्या सोबत्यांनी) कपडा वर धरून ऊन अडवल्याची हदीस, म्हणजे परंपरेतली नोंद, आहे, आता याहून मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे? ग्रुपने प्रत्येकाला पांढरी छत्री दिलेली होती. चाचांची छत्री सुटकेसमध्ये, घडी न मोडलेली.

दुसरं, रमी झालेली होती. जमरातच्या बाहेर न्हावी मिळतात. तिथेच केस उतरवले असते तर एहरामच्या बहुतेक बंधनांतून मोकळे झाले असते, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळता आला असता. पण ठरवलेलं की रूमवर जाऊन आरामात करू.

घाम दिसला नाही म्हणून

कोकणातल्या माणसाचा उन्हाचा हिशोब घामावर चालतो. आपल्याकडे मे महिन्यात चौतीस डिग्रीला बनियन पिळून काढावं लागतं, मग माणूस म्हणतो आज लई उकडतंय आणि ओट्यावर बसतो. मक्केत हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो, कपाळ कोरडं, काख कोरडी, कपडा कोरडा. भाचा नंतर मला म्हणाला, "मामू तर म्हणत होते इकडचं ऊन बरं, चिकचिक नाही." हेच फसवतं. लिटरच्या लिटर पाणी अंगातून जात असतं आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच नाही.

त्यात हवा चामडीपेक्षा गरम असली की वारासुद्धा शत्रू होतो. आपली चामडी पस्तीसच्या आसपास, हवा पंचेचाळीसच्या वर, म्हणजे वारा लागला की अंग थंड न होता उलट तापतं, जर अंग कोरडं असेल तर. अंग ओलं असेल तर गोष्ट वेगळी, ती पुढे येईलच. खाली डांबर, काँक्रीट, आजूबाजूला हजारो माणसं, सगळं मिळून भट्टी. त्याच रविवारी सौदी सरकारने एका दिवसात २७०० हून जास्त उन्हाच्या त्रासाच्या केसेस नोंदवल्या. दुसऱ्या दिवशी, १७ जूनला, हरमपाशी, म्हणजे मक्केतल्या मुख्य मशिदीपाशी, ५१.८ डिग्री.

गोळ्यांची पिशवी

आता जो भाग मला डॉक्टर म्हणून जास्त छळतो तो. चाचांची औषधांची प्लास्टिकची पिशवी नंतर मी ओतून बघितली. बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध, म्हणजे लघवी जास्त करवणारं, मिक्स होतं. दुसरी गोळी हृदयाचे ठोके कमी ठेवणारी, ती घेणाऱ्याचं हृदय गरजेच्या वेळी हवं तितकं पळत नाही आणि उष्णता बाहेर फेकायला चामडीकडे रक्त जोरात पाठवावं लागतं, तिथे ते कमी पडतं. आणि तिसरी, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं: सर्दीची गोळी. मक्केत जाऊन आठवड्यात खोकला-सर्दी न होणारा हाजी विरळा, गर्दी, एसी, धूळ, सगळ्यांना होतंच. चाचा गेले चार दिवस आपल्याकडची नेहमीची सर्दीची गोळी दिवसातून तीन वेळा घेत होते, कोणीतरी रूममध्ये दिलेली. या गोळ्यांत जे नाक सुकवणारं औषध असतं ते घामही सुकवतं, आणि वर गुंगी आणतं.

म्हणजे बघा, एक गोळी पाणी बाहेर काढतेय, एक पंप हळू चालवतेय, एक घाम बंद करतेय, आणि माणूस भर बारा वाजता डांबरावर चालतोय आणि पाणी मात्र पितोय. पाणी पिऊन काय होणार सांगा.

मनाने गोळ्या बंद करा असं अजिबात म्हणत नाही, तेवढं ऐकून कोणीतरी बीपीची गोळीच टाकून देईल. निघण्याआधी महिनाभर आपल्या डॉक्टरकडे पिशवी घेऊन जा आणि विचारा की तिकडे पन्नास डिग्री असेल, यातलं काय बदलायचं. हज कमिटीचा मेडिकल फॉर्म भरून सही घेतली म्हणजे हा प्रश्न विचारला असं होत नाही. डिप्रेशनच्या काही गोळ्या, लघवी आवरण्याच्या गोळ्या, चक्करच्या गोळ्या, यांतल्या बऱ्याच घाम कमी करतात.

कोसळले तेव्हा

भाचा सव्वीस वर्षांचा, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, वैद्यकीय ज्ञान शून्य. त्याने जे केलं त्याने चाचा वाचले, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी चाचांचा वेग कमी झाला. मग पाय वाकडे पडायला लागले, दारू प्यायल्यासारखे. मग चिडायला लागले, बाटली ढकलून दिली. मग भाच्याला म्हणाले, "मुरुडची एस्टी लागली का बघ, नायतर सुटंल." भाचा आधी हसला, त्याला वाटलं चेष्टा करतायत. पुढच्या मिनिटाला चाचा एका कठड्याला धरून खाली बसले आणि मग आडवे.

उन्हाने थकणं आणि उष्माघात यातली रेघ इथे आहे, त्या एस्टीत. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे आलेत, घेरी येतेय, पण माणूस नीट बोलतोय, कुठे आहे ते सांगतोय, तर त्याला सावलीत आडवा करा, ओआरएस द्या, ओलं करा, अर्ध्या तासात बरा वाटायला पाहिजे. पण बोलण्यात गडबड, चालण्यात गडबड, विचित्र वागणं, झटका, बेशुद्धी, यातलं काहीही आणि अंग तापलेलं, तर तो उष्माघात समजायचा, थर्मामीटरची वाट न बघता. काखेतला थर्मामीटर तर अशा वेळी थापाच मारतो. आणि घाम पूर्ण थांबला तरच उष्माघात हे जे सगळीकडे फिरतं ते चुकीचं आहे, घाम असतानाही होतो.

भाच्याने मला फोन लावला. मिनाचं नेटवर्क त्या दिवशी म्हणजे काय सांगायचं, दोन वाक्यं झाली की कट. मग व्हॉइस नोट. माझ्या नोटा अजून फोनमध्ये आहेत, आवाज चढलेला आहे, शिव्यापण आहेत, पण मतलब हा: बाजूच्या कोणालातरी ९९७ ला फोन करायला लाव, तू स्वतः अँब्युलन्सची वाट बघू नकोस. वरची चादर काढून टाक. तोंडात पाणी घालू नकोस. कुशीवर कर. सगळ्या बाटल्या अंगावर ओत, डोक्यापासून पायापर्यंत, आणि वारा घाल, जोरात, चार माणसं लाव.

त्याने लावली. कोण कुठले लोक, एक इंडोनेशियन जोडपं, दोन पाकिस्तानी, एक पोलीस ज्याच्याकडे पाणी फवारायची बाटली होती. एकाने छत्री धरली, दोघं जानमाज (नमाजची चटई) घेऊन वारा घालत होते, भाचा ओतत होता. कोणीतरी थंडगार बाटल्या आणल्या त्या काखेत, जांघेत आणि मानेशी लावल्या. एक भला माणूस खजूर तोंडात घालायला निघाला, भाच्याने हात धरला. बरं केलं, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात खजूर म्हणजे श्वासनलिकेत खजूर. पण खजूरवाल्याचा मुद्दा अगदी चूक नव्हता, डायबेटिसवाल्याची साखर उतरली तरी माणूस असाच बरळतो. चाचांच्या कमरेच्या पाऊचमध्ये ग्लुकोमीटर होता, मी तो तपासायला सांगितला, साखर १९० च्या आसपास आली, म्हणजे तो प्रश्न मिटला. मीटर नसता तर हिरडीला थोडा मध चोळायला सांगितला असता, गिळायला काही दिलं नसतं.

अँब्युलन्स यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली, त्या गर्दीत ती आली हेच खूप. तोवर चाचा डोळे उघडून शिव्या देण्याच्या अवस्थेला आले होते. शिव्या बरोबर नावानिशी होत्या हे भाच्याने मुद्दाम सांगितलं.

हे काम का करतं

एक लिटर पाणी अंगावरून वाळलं की साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो त्याच तत्त्वावर. मक्केची कोरडी हवा, जिने चाचांना फसवलं, तीच इथे उपयोगी पडते, कारण ओलं अंग झपाट्याने वाळतं. फक्त अंग ओलं ठेवत राहावं लागतं, वाळलं की परत ओता, नाहीतर तोच वारा तापवतो. ओल्या चादरीत गुंडाळून ठेवायचं असंही लोक करतात, त्याने वारा लागत नाही आणि चादर थोड्या वेळात गरम होते. ते करू नका.

सौदीने हजसाठीच १९८० च्या सुमाराला एक खास यंत्र वापरात आणलं, मक्का बॉडी कूलिंग युनिट. जाळीच्या पलंगावर पेशंटला ठेवायचं, सगळ्या बाजूंनी साधारण १५ डिग्री पाण्याचा बारीक फवारा आणि वरून गरम हवेचा झोत. गरम हवा ऐकून लोक चमकतात, पण त्यामागे डोकं आहे: चामडी एकदम गार पडली की रक्तवाहिन्या आकसतात, अंगाला कापरं भरतं आणि आतली उष्णता आतच अडकते, म्हणून चामडी कोमट ठेवून बाष्पीभवन जोरात चालू ठेवायचं. भाच्याने रस्त्यावर केलं ते याचंच गरिबाचं व्हर्जन.

आपल्याकडे मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हे इतकं चालणार नाही, तिथे बर्फाचं पाणीच हवं. तरुण, धावताना वगैरे कोसळलेला माणूस असेल तर सरळ बर्फाच्या पाण्याच्या टबात. आणि आपल्याकडे असं होत नाही या भ्रमात राहू नका, एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात १४ माणसं गेली आणि तेव्हा पारा चाळीसच्या आतच होता.

पॅरासिटामॉल? नाही. तो ताप वेगळा, हा वेगळा. इन्फेक्शनच्या तापात मेंदूतला काटाच वर सरकलेला असतो, गोळी तो खाली आणते. इथे काटा जागेवर आहे, बाहेरची आग आत घुसलीय. गोळीचा काही उपयोग नाही, आणि उष्माघातात लिव्हर आधीच होरपळलेलं असतं त्याला आणखी त्रास.

हॉस्पिटल

मिनातल्या हॉस्पिटलात पोचल्यावर आतलं तापमान ४१ च्या वर. म्हणजे रस्त्यावर पंचवीस मिनिटं थंड करूनही इतकं, न करता नेलं असतं तर किती असतं याचा विचार मी टाळतो. फवारा, पंखे, बर्फाच्या पिशव्या, सलाईन बेताने कारण वय आणि हृदय. पाऊण तासात ३९ च्या खाली आणलं, तिथे थांबवलं, कारण अजून थंड करत राहिलं तर खाली घसरत जातो. रात्र आयसीयूमध्ये.

मला संध्याकाळी आत सोडलं. चाचा शुद्धीवर, ओठ फुटलेले, तळपायाला फोड, आणि पहिला प्रश्न, "माझा हज झाला का?" नर्स मल्याळी होती, ती हसली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलेलं, लिव्हरचे आकडे चांगलेच वाढलेले, स्नायूंचं एन्झाइम वर. हे असं उशिरा चढतं. माणूस उठून बसला, चहा मागतोय, म्हणून घरचे लोक डिस्चार्ज मागतात, तेव्हा आतमध्ये किडनी आणि लिव्हर अजून हिशोब करत असतात. म्हणून दोन-तीन दिवस रोज रक्त तपासायचं. चाचांचे आकडे तिसऱ्या दिवशी उतरायला लागले. उरलेल्या दिवसांची रमी त्यांच्या वतीने भाच्याने केली, मौलानांनी सांगितलं त्याप्रमाणे आधी स्वतःची, मग त्यांची. तवाफ-ए-जियारत (काबाभोवतीच्या फेऱ्या) मात्र स्वतःलाच करावा लागतो, तो काही दिवसांनी रात्री व्हीलचेअरवर, एसी असलेल्या मजल्यावरून केला.

ज्यांच्याकडे बिल्डिंगच नव्हती

चाचांकडे परमिट होतं, तंबू होता, एसी रूम होती, फोनवर ओरडणारा डॉक्टर होता. त्या हजमध्ये १३०१ माणसं मेली असं सौदीने २३ जूनला जाहीर केलं, आणि त्यातले ८३ टक्के बिगर परमिटचे होते. त्यांना अधिकृत तंबू नाही, बस नाही, पोलिसांना चुकवायचं म्हणून मदत केंद्रावर जायची भीती, सगळं अंतर पायी आणि उन्हात. इजिप्तचे खूप होते, इजिप्तने नंतर १६ ट्रॅव्हल कंपन्यांची लायसन्स रद्द केली. आपले भारतीय ९८ गेल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा सांगितलं होतं, पावणेदोन लाखांतले, त्यात म्हातारपण आणि जुने आजारही धरलेले. जुने आजार आणि ऊन यांना वेगळं कसं काढायचं, हे चाचांची पिशवी बघितल्यावर मला तरी कळत नाही.

स्वस्तात विजिट व्हिसावर हज करवून देतो म्हणणारे एजंट आपल्याकडेही आहेत. पैसे बुडतात म्हणून त्यांच्यापासून लांब राहा असं लोक सांगतात, मी म्हणतो त्यात सावली मिळत नाही म्हणून लांब राहा.

सौदीवाल्यांनी काही केलं नाही असं नाही. अरफातच्या मैदानावर १९८० च्या दशकात पन्नासेक हजार कडुनिंब लावले गेले, आपला कडुनिंबच, आणि त्याखाली बसून बघा काय फरक पडतो. २०२५ ला सावलीची जागा ५०,००० चौरस मीटरने वाढवली, चारशेहून जास्त कूलिंग युनिट लावली, बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि अरफातच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार तंबूतच थांबा असं सक्तीच्या भाषेत सांगितलं. हज दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे २०२६ पासून तो ऐन उन्हाळ्यातून बाहेर पडतोय आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं आधी वसंतात आणि मग हिवाळ्यात येईल. पण मे महिन्यातही मक्का चाळीशी ओलांडते, आणि चाचांच्या गोळ्यांना पंचेचाळीस आणि बेचाळीस यात फार फरक पडत नाही.

माझ्या ग्रुपवाल्यांना आता मी काय सांगतो

जाण्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी पाच-सहा किलोमीटर चाला, शेवटचे पंधरा दिवस थोडं उन्हात चाला, शरीराला घामाची सवय लागायला एक-दोन आठवडे लागतात. मक्केत लवकर पोचणार असाल तर पहिले दिवस उमऱ्यावर उमरे (हजपेक्षा छोटी यात्रा) करून स्वतःला पिळून काढू नका, पाच दिवसांचं खरं काम पुढे आहे. मुख्य दिवसांत झोप चोरा, मिळेल तिथे.

पाण्यात दोन-तीन बाटल्यांमागे एक ओआरएस. लिटरचा पुडा असेल तर लिटरभर पाण्यातच, पाव लिटरमध्ये पुडा ओतून प्यायचं नाही. डायबेटिसवाले ओआरएसला घाबरतात, त्यातली साखर एका कप गोड चहाच्या जवळपास आहे, घाबरू नका. बायका टॉयलेटच्या रांगेला भिऊन सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मिनामध्ये हे मी रोज बघितलं, त्यांच्यासाठी रात्रीची रमी आणि रात्रीचा प्रवास हाच इलाज, उपदेश करून उपयोग नाही. लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय.

आणि दोघादोघांची जोडी. एकट्याला स्वतःचा उष्माघात कळत नाही, चाचांना शेवटपर्यंत एस्टीचीच काळजी होती. जोडीदाराने दर अर्ध्या तासाला काहीतरी विचारायचं, आज तारीख काय, आपला तंबू नंबर काय. उत्तर वाकडं आलं की थांबायचं, तिथेच, आणि बाटली उघडून डोक्यावर.

टूरवाल्यांशी माझं भांडण झालं, ते मिटलंय. त्यांचं म्हणणं, वेळापत्रक माझ्या हातात नसतं, बस सरकारी असते. मान्य. पण रमी झाल्यावर भर दुपारी पायी निघायचं बसने ठरवलेलं नव्हतं. आता त्यांच्या ग्रुपमध्ये जोहर ते असर कोणी बिल्डिंग किंवा तंबू सोडायचा नाही असा नियम आहे, आणि छत्र्या सुटकेसमध्ये ठेवायला देत नाहीत.

चाचा परत आल्यावर तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन नॉर्मल, लिव्हर नॉर्मल. एकदा उष्माघात झालेल्याला पुढे काही महिने ऊन सहन होत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात वाडीत जायचं नाही असं सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही, पण जाताना छत्री घेऊन जात होते. पाणी काढणारी गोळी बंद करून बीपी दुसऱ्या औषधावर आणलंय, १३०-८० च्या आसपास राहतं. सर्दीची गोळी घरात ठेवूच नका असं चाचींना सांगितलंय.